दोन्ही गुडघे एकदम बदलायचे का?

आपल्या आया-बहिणींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची लादी उकिडवं बसून पुसली, पाण्याचे हंडे वाहिले, कांजूरमार्ग स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या रोज चढल्या-उतरल्या. साठीला गुडघ्यांची कूर्चा झिजते. डॉक्टर म्हणतात, दोन्ही बदला. मग घरात प्रश्न पडतो: एकदम की एकेक?

आमचं मत असं, की वस्तीतल्या बहुतेक घरांना एकेक गुडघाच परवडेल.

एकदम करण्यात फायदा आहेच. भूल एकदा, मुक्काम एकदा, सोबत राहणाऱ्या लेकी-सुनेच्या कामाचा खाडाही एकदाच. हृदय, फुप्फुसं धडधाकट असतील आणि डॉक्टरांनी तपासून होकार दिला, तर ते चालेल. पण एकदम केल्यास रक्त जास्त जातं, गुठळी होण्याचा आणि हृदयावर ताण येण्याचा धोका वाढतो. त्यात मधुमेह, रक्तदाब असेल तर जास्तच जपावं लागतं. शिवाय घरी आल्यावर भार टाकायला एकही जुना पाय उरत नाही. संडास गल्लीच्या टोकाला, तोही उकिडवा. झोपायची जागा माळ्यावर. अशा घरात पहिले काही आठवडे कसे काढणार?

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात एक गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये बदलून घेतला आणि दुसरा जून २००१ मध्ये. हाताशी सगळ्या सोयी असूनही मधे आठ महिने जाऊ दिले. मग आपण घाई का करावी?

‘दोन्ही एकदम, पॅकेज स्वस्त’ या बोलीवर निर्णय घेऊ नका. ऑगस्ट २०१७ पासून सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे. बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, ते आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

त्याआधी वजन, मांडीचे व्यायाम आणि औषधं यांनी भागतं का, ते पाहा. शस्त्रक्रिया ठरलीच तर साखर ताब्यात आणा, किडलेले दात, पायाच्या जखमा बऱ्या करा, घरात कमोडची खुर्ची आणि हाताला धरायला दांडा बसवा. व्यायाम चुकवला तर नवा गुडघाही आखडतो.

नव्या गुडघ्याने जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं सहसा टाळावं लागतं. म्हणून विहारात चार खुर्च्या ठेवा; खुर्चीवर बसून केलेली वंदना कमी प्रतीची होत नाही.

शेवटी, दुखतं तिचं, तेव्हा निर्णयही तिचाच. मुलांनी माहिती आणावी, पैशांची जुळवाजुळव करावी. हो किंवा नाही मात्र आईनेच म्हणावं.