म्हादईचे देवगांडूळ

ग्वाटेमालाच्या डोंगरांत १९७५ साली आढळलेला एक पिवळा सॅलॅमँडर त्यानंतर बेचाळीस वर्षे कोणाच्याच दृष्टीस पडला नाही. पालीसारखा दिसणारा, परंतु बेडकांच्या गोतातला हा उभयचर ऑक्टोबर २०१७ मध्ये एका वनरक्षकाला अवचित दिसला. आपल्या पश्चिम घाटातही वेळूच्या पोकळीत दडणारा एक हिरवा बेडूक १३६ वर्षांनी पुन्हा गवसल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. दोन्ही घटनांचे मर्म एकच. प्राणी परत मिळाला, कारण त्याचे रान शिल्लक होते.

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. त्याचा बिनपायांचा भाऊबंद देवगांडूळ मात्र आहे. चोर्ला येथे सापडलेल्या अशा एका जातीला शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये म्हादईचेच नाव दिले. ओलसर मातीखेरीज या जिवाला दुसरा आसरा नाही. तो नाहीसा झाला, तर कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

याच म्हादईच्या पाण्याकडे हुबळी-धारवाड डोळे लावून आहे. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराची वा गृहिणीची तहान खोटी आहे, असे म्हणण्याचा कोतेपणा गोमंतकीयांनी करू नये. जलतंट्याच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले. गोव्याने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. पाण्याचा हिशेब घनफुटांत मांडता येतो. पण उगमाकडचा प्रवाह वळविल्यावर खालच्या मातीतून जो ओलावा उणावेल, त्याची भरपाई कोणत्याही निवाड्याने होणार नाही.

तथापि शेजाऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपले अंगण पाहावे. म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित करा, असा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेणारे सरकार गोव्याचेच होते. नदीला आई म्हणायचे आणि तिच्या रानाला संरक्षण मिळू लागले की कां कूं करायची, ही विसंगती हुबळीकरांच्या नजरेतून सुटणार नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. कर्नाटकाने उगमाच्या खोऱ्यात कुदळ मारण्यापूर्वी भर पावसाळ्यात तेथील जीवसृष्टीची पाहणी करून ती लोकांपुढे ठेवावी. आणि गोव्याने आपल्या वाट्याचे रान बिनशर्त राखावे. हरवलेला जीव शतकानंतरही भेटल्याचे दाखले आहेत. त्याचे रानच गेले, तर शोधायला जायचे कोठे?