कंद दुकानातच राहू द्या



परदेशच्या वाटेवर विमान बदलायला मधल्या विमानतळावर चार-सहा तास काढावे लागतात. हॉलंडमधील ॲमस्टरडॅमच्या शिफोल विमानतळावर मी असाच थांबलो होतो. तुमच्यापैकी कुणी अभ्यास दौऱ्याला निघाला असेल किंवा कुणाचा मुलगा तिकडून यायचा असेल, तर तिथले दोन शब्द ऐका.

हा विमानतळ समुद्रसपाटीच्या सुमारे ३ मीटर खाली आहे. पूर्वी तिथे मोठे सरोवर होते. १८४९ ते १८५२ या काळात वाफेच्या पंपांनी ते उपसले आणि तळाच्या जमिनीवर शेती उभी केली. आजही चरांतले पाणी सतत उपसावे लागते. आपण पाण्यासाठी विहीर खोल नेतो, ते पाणी बाहेर काढण्यासाठी खपतात!

आत दुकानांत ट्यूलिपचे कंद विकायला असतात. दिसायला आपल्या कांद्यासारखे, पण साल तपकिरी. पिशवीभर घ्यावेत असे कुणालाही वाटेल. घेऊ नका.

एक तर ट्यूलिपला फुलण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. आपल्याकडे त्याची मोठी बाग आहे ती श्रीनगरला. दुसरे, कंद, बियाणे, कलमे यांतून रोग, सूत्रकृमी आणि किडी येतात. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५६ साली झाली. परदेशी धान्याबरोबर आलेले ते बी आजही आपल्या बांधावर आहे. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली प्रथम दिसली. पाहुणा आला, तो घरचाच होऊन बसला.

म्हणून आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असल्याखेरीज लागवडीचा माल आणता येत नाही. अंधेरीला सहार विमानतळावर उतरलात की असा माल आधी दाखवावा लागतो. तिथे वनस्पती संगरोध खात्याची, म्हणजे रोगकिडींच्या नाकेबंदीची, तपासणी असते. माती आणायला तर बंदीच आहे. तेव्हा तिकडची शेते पाहून झाली की बूट तिथेच घासून धुवा.

एखादे वाण आवडले तर त्याचे नाव टिपून घ्या, फोटो काढा आणि आपल्या कृषी विद्यापीठात विचारा. परदेशी वाण रीतसर मागवून तपासण्याचे काम दिल्लीची राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्था करते. त्या वाटेला वेळ लागतो, पण शेजाऱ्याचे रान धोक्यात येत नाही. मुलाला फोनवर एवढे आजच सांगा: येताना बियाणे नको, वहीतली माहिती आण.