२०५ सदस्यांचे मौन

११ मे १९९३ रोजी लोकसभेत एका ठरावावर मतदान झाले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करावे, असा तो ठराव होता. बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. तरीही ठराव पडला, कारण सभागृहात हजर असलेल्या २०५ सदस्यांनी मतच दिले नाही.

न्यायाधीशांना हटवण्याचा विषय निघाला की बहुतेक चर्चा एकाच मुद्द्यावर अडते: घटनेने अट फार कडक घातली आहे. मला ते पटत नाही. अनुच्छेद १२४ (४) नुसार सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मते लागतात, आणि तीही दोन्ही सभागृहांत, एकाच अधिवेशनात. ही अट कडकच हवी. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. साध्या बहुमताने न्यायाधीश घरी पाठवता येत असता, तर त्या लोकसभेत सिन्हा किती दिवस टिकले असते? सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्याच्या डोक्यावर खासदारांची टांगती तलवार नको, म्हणून तर ही तटबंदी उभी केली.

दुखणे दुसरीकडेच आहे, आणि रामस्वामी प्रकरणात ते उघड दिसते. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदीगडच्या सरकारी निवासस्थानासाठी फर्निचर, गालिचे यांवर केलेली उधळपट्टी, न्यायालयासाठीची चांदीच्या दंडांची खरेदी, असे आरोप त्यांच्यावर होते. १०८ खासदारांनी सह्या केल्या. मार्च १९९१ मध्ये सभापती रवी राय यांनी सूचना दाखल करून घेतली आणि १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याखाली तिघांची समिती नेमली. समितीवर होते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. लवकरच लोकसभा विसर्जित झाली. आता सूचनाही बाद झाली, असा दावा पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही.

या तिघांचे काम विसरू नये. सावंतांनी आपल्याच न्यायालयातल्या सहकाऱ्याची चौकशी केली. रामस्वामींनी समितीपुढे येण्याचे नाकारले, तरी समितीने कागदपत्रे तपासून चौदापैकी अकरा आरोप सिद्ध झाल्याचे नोंदवले. मग प्रकरण सभागृहात आले. सभापतींच्या आसनावर लातूरचे शिवराज पाटील होते. सोमनाथ चटर्जींनी ठराव मांडला, रामस्वामींच्या वतीने कपिल सिब्बल यांनी तासन् तास युक्तिवाद केला. वकिलाने अशिलाची बाजू लढवावी, त्यात गैर काही नाही. पण दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर सत्ताधारी काँग्रेसचे आणि तिच्या मित्रपक्षांचे सदस्य आपापल्या जागी नुसते बसून राहिले. दोन तृतीयांशची अट पुरी झाली होती. एकूण संख्येचे बहुमत तेवढे राहिले. आरोप खोटे आहेत असे मत कुणी दिले नाही, खरे आहेत असे म्हणण्याचीही त्यांची तयारी नव्हती. न्यायमूर्ती वाचले आणि त्यांना वाचवण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच नावावर चढली नाही.

माझा आक्षेप आहे तो या न ठरवण्याला. विरोधात मत द्यायला माझी हरकत नाही. चौकशी समितीचा निष्कर्ष नाकारण्याचा अधिकार संसदेला आहेच. पण तो उभे राहून, कारण सांगून नाकारायला हवा.

पुढच्या प्रकरणांत हेच दुसऱ्या वाटांनी झाले. कोलकाता उच्च न्यायालयाचे सौमित्र सेन यांच्यावर वकील असताना न्यायालयाने नेमलेले रिसीव्हर म्हणून हाती आलेली सुमारे ३३ लाखांची रक्कम वळवल्याचा ठपका होता. १८ ऑगस्ट २०११ रोजी राज्यसभेत त्यांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली. १८९ सदस्यांनी त्यांना हटवण्याच्या बाजूने मत दिले. राज्यसभेने आपले कर्तव्य चोख बजावले. पण लोकसभेत ठराव येण्याआधीच, १ सप्टेंबरला सेन यांनी राजीनामा दिला आणि सगळे तिथेच थांबले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन हेही चौकशी चालू असताना राजीनामा देऊन मोकळे झाले.

मुंबईलाही राजीनाम्याच्या या वाटेचा अनुभव आहे. १९९५ मध्ये मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी वकील संघटनांच्या मागणीनंतर राजीनामा देऊन गेले. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यातूनच न्यायपालिकेच्या अंतर्गत चौकशीची पद्धत पुढे आकाराला आली.

तिसरी वाट पीठासीन अधिकाऱ्यांच्या दालनातून जाते. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांनी सही केलेली सूचना दाखल करायची की नाही, हे सभापती ठरवतात. किती दिवसांत ठरवायचे, हे १९६८ चा कायदा सांगत नाही. १३ डिसेंबर २०२४ रोजी ५५ सदस्यांनी अलाहाबादचे न्यायमूर्ती शेखर कुमार यादव यांच्याविरुद्ध राज्यसभेत सूचना दिली. विश्व हिंदू परिषदेच्या कार्यक्रमातले त्यांचे भाषण हा तिचा विषय होता. न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या दिल्लीतल्या निवासस्थानी आगीनंतर जळालेल्या नोटा सापडल्याच्या प्रकरणी २१ जुलै २०२५ रोजी सूचना आली आणि १२ ऑगस्टला लोकसभेच्या सभापतींनी समिती जाहीरही केली. वर्मांनी आरोप नाकारले, आणि त्यांचे म्हणणे समितीपुढे यायला हवे, हे खरेच. माझा प्रश्न एवढाच आहे, की एका सूचनेवर तीन आठवड्यांत समिती बसली आणि दुसरीवर तोवर आठ महिने उलटले तरी बसली नव्हती, हे कोणत्या निकषावर?

याच बाबतीत राज्यसभेचे तत्कालीन सभापती व्यंकय्या नायडू यांचे मला कौतुक वाटते. एप्रिल २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्धची ६४ खासदारांची सूचना त्यांनी काही दिवसांत फेटाळली. तो निर्णय मला चुकीचा वाटला. पण त्यांनी कारणे लिहून दिली, म्हणून त्याला आव्हान देता आले, त्यावर वाद घालता आला. पडून राहिलेल्या कागदाशी कसा वाद घालणार?

मार्च २०१२ मध्ये लोकसभेने न्यायिक मानके आणि उत्तरदायित्व विधेयक मंजूर केले होते. ते पुढे गेले नाही आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेबरोबरच बाद झाले. ते जसेच्या तसे परत आणा, असे मी म्हणणार नाही. तीन दुरुस्त्या पुरेत. सूचना आली की तीन महिन्यांत कारणांसह लेखी निर्णय द्यावा. समिती एकदा बसली की न्यायाधीशाने राजीनामा दिला तरी अहवाल पूर्ण करून संसदेपुढे ठेवावा. आणि मतदानाच्या वेळी प्रत्येक सदस्याचे नाव पुकारून त्याचे उत्तर नोंदवावे, गप्प राहिला तर तेही त्याच्या नावापुढे लिहावे. यातली एकही दुरुस्ती न्यायाधीशाचे संरक्षण कमी करत नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. त्यांच्यापैकी एकाने जरी ठरवले, तरी येत्या अधिवेशनात हे खासगी विधेयक म्हणून मांडता येईल.