सनामक्की : किती, केव्हा आणि कुणी?

रोज सकाळी सनामक्कीचा काढा प्या, वजन उतरेल, रक्त साफ होईल, असे संदेश मोबाईलवर फिरत असतात. खाली हदीसचा हवाला असतो, म्हणून आपण शंका न घेता तो लहानथोरांना पाजतो. २०२० मध्ये पाकिस्तानात कोरोनावरचा इलाज म्हणून या पानांवर अशी झुंबड उडाली की भाव कित्येक पटींनी वाढले. त्या पानांनी कोरोना बरा होतो, याचा पुरावा मात्र मिळाला नाही.

हदीसमध्ये सनाचा उल्लेख आहेच. तिरमिजी शरीफमध्ये हजरत अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांची रिवायत आहे. तिथे विषय पोट साफ करण्याच्या दवेचा आहे. त्या आधी एक जहाल जुलाब घेत होत्या. तो तीव्र असल्याचे हुजूर (स.) यांनी सांगितल्यावर त्यांनी सना घेतली. म्हणजे पोटाला जपण्याची शिकवण त्या रिवायतीतच आहे.

अरबस्तान आणि सुदानच्या कोरड्या जमिनीत ही वनस्पती रानोमाळ उगवते. मराठीत तिला सोनामुखी म्हणतात. आपल्या देशात तमिळनाडूतील तिरुनेलवेलीची पाने प्रसिद्ध आहेत. पानांतील सेनोसाइड मोठ्या आतड्याला चालना देते. असर व्हायला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ही दवा रात्री घेतात. मुरडा येऊ नये म्हणून हकीम तिच्यासोबत गुलाबाच्या पाकळ्या किंवा बदामाचे तेल देतात.

बद्धकोष्ठावर ती थोडे दिवस घ्यावी, आठवड्याहून जास्त नाही. रोजच्या जुलाबाने शरीरातले पाणी आणि पोटॅशियम घटते. उतरलेले वजन पाण्याचे असते, चरबीचे नव्हे. हृदयविकारावर डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हृदयाचे ठोके यामुळे बिघडू शकतात. पोटात कळ येत असेल, उलट्या होत असतील तर सना मुळीच देऊ नका. अपेंडिक्स किंवा आतड्याचा अडथळा असला तर जिवावर बेतेल. गरोदर बायका आणि बारा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रमजानमध्ये रोजा असताना शरीरात पाणी आधीच कमी असते. तेव्हा इफ्तारनंतर भरपूर पाणी, फळे आणि भाज्या घ्याव्यात, हे अधिक बरे.

माळावरचा पिवळ्या फुलांचा तरवड सनासारखा दिसतो. त्याची पाने सना समजून तोडू नका. ओळखीच्या दुकानातूनच घ्या, आणि किती घ्यायची ते हकीम किंवा डॉक्टरांना विचारा. शिफा अल्लाहच्या हाती आहे. दवेचे माप सांभाळणे आपल्या हाती आहे.