एका माणसाला समजणारा संगणक

‘पास्कल’चे जनक निक्लाउस वीर्थ १ जानेवारी २०२४ रोजी निवर्तले. त्यांची ‘ओबेरॉन’ मात्र मूठभर हौशी मंडळी आजही वापरतात. झुरिचच्या ‘ईटीएच’मध्ये वीर्थ आणि युर्ग गुटक्नेख्ट यांनी १९८६ पासून ही संगणकभाषा आणि त्याच नावाची ऑपरेटिंग सिस्टिम एकत्रच घडवली. भाषेचे संपूर्ण वर्णन सुमारे १७ पानांत मावते. पडद्यावरील मजकुरात कोठेही आज्ञेचे नाव लिहावे, त्यावर माऊसचे मधले बटण दाबावे, की आज्ञा पार पडते. २०१३ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, वीर्थ यांनी स्वतः रचलेल्या प्रोसेसरवर ती पुन्हा उभी केली: १ मेगाबाइट मेमरी, २५ मेगाहर्ट्झ वेग. पुढे तो मूळ बोर्ड मिळेनासा झाला, तेव्हा हौशींनी तिला इतर बोर्डांवर नेले.

याला स्मरणरंजन म्हणणे सोपे, पण चुकीचे आहे. रोजच्या कामाला ती अपुरी पडते, हे मान्यच. मात्र प्रोसेसरच्या रचनेपासून पडद्यावरील अक्षरापर्यंत सारे काही एकच माणूस वाचून समजू शकतो, असा दुसरा संगणक सहसा सापडत नाही.

आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा आराखडा खुला आहे. त्यावर चालणारे लिनक्स मात्र कोट्यवधी ओळींचे. ते अथपासून इतिपर्यंत वाचणे कोणत्याही विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ओबेरॉनचा कंपायलर जेमतेम ३,००० ओळींचा आहे, सुटीत वाचून होईल इतका. त्यातील कोडनिर्मितीचा भाग ‘शक्ती’साठी नव्याने लिहिणे, हा एम.टेक.चा उत्तम प्रकल्प ठरेल. मार्गदर्शकांनी तो सुचवायला हवा.