प्लेट सावलीत मोजलेली, रान उन्हातलं



गावोगावच्या बैठकींत सध्या एक प्रश्न हमखास निघतो. सोलर पंपाचा अर्ज भरावा, की 'याहून भारी प्लेट येते आहे' म्हणून थांबावं?

प्लेटेत जादू काही नाही. उजेड सिलिकॉनवर पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते तारेतून वाहते केले की वीज. उजेडाने इलेक्ट्रॉन का सुटतात, याचा उलगडा आइन्स्टाइनने १९०५ साली केला. १९५४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला कामाचा घट झाला, तेव्हा शंभर भाग उन्हातून सहा भाग वीज निघत होती. आज बाजारातली चांगली प्लेट वीस-बावीस भाग देते. नुसत्या सिलिकॉनची धाव एकोणतीसच्या आसपास संपते.

म्हणून नव्या पदार्थाचा बोलबाला. नाव पेरोव्हस्काइट. शाईसारखा पातळ थर देऊन तो बनवता येतो. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या प्रयोगशाळेत त्याने ३.८ टक्के दिले. पंधरा वर्षांत तो २६च्या वर गेला. सिलिकॉनवर त्याचा थर चढवून केलेला जोडघट २०२४ साली प्रयोगशाळेत ३४च्या पुढे पोचला. पण त्याच वर्षी ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जोडघटाच्या पहिल्या प्लेटा गिऱ्हाइकाला धाडल्या, त्या साडेचोवीस टक्क्यांच्या. संशोधन केंद्राच्या प्लॉटवरचा उतारा आणि आपल्या रानातला उतारा यातला फरक कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवायला नको. शिवाय हा पदार्थ ओल आणि उष्णता सोसत नाही, आणि त्यात शिसं असतं. पंचवीस वर्षं उघड्यावर टिकल्याचा दाखला त्याच्याजवळ अजून नाही.

आमचं मत, थांबू नये. मात्र घेताना डोळे उघडे ठेवावेत.

प्लेटेवर छापलेले वॅट २५ अंशांवर मोजलेले असतात. वैशाखात आपल्याकडे हवाच ४४-४५ अंश, आणि प्लेट ६५ला पोचते. दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे ऐन दुपारी शंभरातले बारा ते सोळा वॅट गेले. प्लेटेला उजेड हवा असतो, आपण देतो तापलेला तवा! ही घट किती, हा आकडा माहितीपत्रकात असतो. विक्रेत्याला तो विचारा. जितका कमी तितकं बरं. प्लेटेखालून वारा खेळू द्या. धूळ पहाटे धुवा, तापल्या काचेवर गार पाणी मारू नका. आय.आय.टी. मुंबईच्या सौर संशोधन केंद्राने २०१३पासून देशभर प्लेटांच्या पाहण्या केल्या. उष्ण मुलखातल्या प्लेटा थंड मुलखातल्यांपेक्षा लवकर झिजतात, असं त्यांत दिसलं. तेव्हा हमीचा कागद पेटीत जपून ठेवा.

आता पैशाचं. २०२४च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा पाच. रात्रीच्या पाळीला साप-विंचवांत उभं राहून रब्बी ज्वारी भिजवणाऱ्याला दिवसाच्या पाण्याचं मोल कळतं. (विहिरीला पाणी असेल तर. ऊन फुकट म्हणून दिवसभर उपसा झाला, तर फाल्गुनातच तळ दिसेल.)

योजनेबाहेर प्लेट घेणाऱ्याला मात्र पुरता भाव मोजावा लागतो, आणि त्या भावाला सरकारने भिंत घातली आहे. एप्रिल २०२२पासून परदेशी प्लेटेवर ४० टक्के जकात लागली. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात ती वीसवर आणली आणि वर वीस टक्के उपकर लावला, बेरीज तीच. त्या उपकराचं नाव काय? कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर! आणि त्याच वर्षी, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, १९ ऑगस्टला कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं, ते थेट डिसेंबरअखेरपर्यंत. आपण विकत घेतो त्या मालाला भिंत, आपण विकतो त्या मालाची वेस उघडी. देशी कारखाने उभे राहावेत, याला आमचा विरोध नाही. त्यांना एक न्याय आणि कापूसवाल्याला दुसरा का, एवढंच आम्ही विचारतो.

ज्यांच्या पंपाने दोन उन्हाळे काढले आहेत, त्यांनी जिल्हा बैठकीला येताना प्लेटेच्या मागची चिठ्ठी उतरवून आणावी, आणि मे महिन्यात भर दुपारी पाणी किती पडलं तेही लिहून आणावं.