शहाणी मुलगी, खट्याळ मुलगा?

‘मुली लवकर बोलतात, मुली उपजतच समंजस असतात,’ असं आपल्या बैठकांतही कौतुकानं म्हटलं जातं. वस्तीतल्या बालवाडीत मी रोज तीन ते सहा वर्षांची मुलं पाहते, आणि मला या कौतुकाची धास्ती वाटते.

फरक मुळीच नाही असं मी म्हणत नाही. युरोपातल्या दहा भाषासमूहांतल्या १३ हजारांहून अधिक लहान मुलांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. खाणाखुणा आणि शब्द यांत मुली थोड्या पुढे होत्या, पण थोड्याच. दोन मुलींमध्ये असू शकतो त्या फरकापुढे तो किरकोळ आहे.

आपली नजर मात्र किरकोळ फरकावर थांबत नाही. १९७६ साली अमेरिकेत जॉन व सँड्रा कॉन्ड्री यांनी पेटीतून उसळणारं बाहुलं पाहून दचकलेल्या एका बाळाचं चित्रीकरण लोकांना दाखवलं. बाळ तेच, पण मुलगा आहे असं सांगितलेल्यांना त्याच्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी आहे असं सांगितलेल्यांना भीती.

आपली मराठी तर आणखी घाई करते. वाक्य जुळवायला लागताच पोराला ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे निवडावं लागतं. लाडानं लेकीला ‘कुठं गेला होतास रे?’ म्हणणारी घरं पुष्कळ आहेत. पण लेक ‘मी जाते’ म्हणाला की हशा पिकतो. तो हशा व्याकरणाच्या चुकीला नसतो, ‘बाई’ होण्याला असतो.

आणि समंजसपणाचं काय होतं? नीट निरोप सांगणारी, भांडण मिटवणारी चार वर्षांची पोर लगेच कामाला जुंपली जाते. धाकट्याला सांभाळ, त्याला खेळणं दे, तू शहाणी ना? ढकलणाऱ्या मुलग्याला मात्र ‘मुलगेच ते’ म्हणून सोडतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा विकासवाडीत एकत्र आणली. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींनाही त्यामुळे शाळेची वाट मोकळी झाली. तो धडा आजही जुना झालेला नाही.

या समजुतीत मुलग्यांचंही नुकसान आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत आई-बाप थांबतात, आणि कमी ऐकू येणं लक्षात यायला उशीर होतो. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हायला हवी. आपल्या गावात ती होते का, हे मंडळांनी विचारलं पाहिजे.

मैत्रिणींनो, मुली हुशार ठरल्या म्हणून हुरळून जायचं कारण नाही. उपजत म्हटलेला गुण उद्या कर्तव्य होतो. ‘बाईला समजून घेता येतं’ हे वाक्य सासरी कसं वापरतात ते आपण जाणतो. म्हणून बालवाडीत भातुकलीतली भांडी मुलग्यांनी घासावीत, गोष्ट त्यांनाही रंगवून सांगायला लावावी, आणि ‘मला नको’ म्हणणाऱ्या मुलीला कुणी उद्धट म्हणू नये. अंगणवाडी ताईंच्या प्रशिक्षणात हा विषय यावा, अशी मागणी आपण करूया.